बाळच्या नावावर काहीच नको

आमचा मुलगा तेहतीस वर्षांचा आहे. जन्मापासून डाऊन सिंड्रोम. घरात, सोसायटीत, तो जातो त्या कार्यशाळेत सगळे त्याला बाळच म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणते. बाळला नोटा ओळखता येतात. पण त्याच्या लेखी पाचशेपेक्षा दहाची नोट मोठी. दहाच्या नोटेला बिस्किटपुडा मिळतो हे त्याने स्वतः पाहिलंय, पाचशेची त्याच्या हातात कुणी देतच नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून. साताऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट ह्यांच्या नावावर, कोरेगाव तालुक्यात वडिलार्जित शेताचा तुकडा, बँकेत आणि पोस्टात ठेवी, आणि माझे दागिने. एवढ्यासाठी कुणी मृत्युपत्र करतं का, असं आम्हीही म्हणत आलो होतो. मृत्युपत्र म्हटलं की बंगला, चार भाऊ आणि कोर्टकचेरी असंच डोळ्यांपुढे यायचं.

आम्हाला हलवलं ते माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीच्या प्रकरणाने. तिचे यजमान काही न लिहिता गेले. फ्लॅट कायद्यानेच तिघांचा झाला: ती, थोरला मुलगा, आणि आमच्या बाळसारखाच असलेला धाकटा. कुणाचं भांडण नाही, कुणाची हाव नाही. मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. पर्यायी जागेच्या करारनाम्यावर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. धाकट्याला सही येते, म्हणजे नाव गिरवता येतं. पण ‘यात काय लिहिलंय ते कळलं का’ असं विचारल्यावर त्याने मान हलवली आणि पुन्हा स्वतःचं नाव सांगितलं. त्याच्या वतीने सही कोण करणार, त्याला अधिकार कुणी दिला, तो कागद कुठाय, यात सगळं अडकलं. शेजारचे भाड्याच्या घरांत राहायला गेले तरी हिचे हेलपाटे चालूच. ‘त्याच्या नावावर हक्काचं छप्पर आहे म्हणून मी निश्चिंत होते गं,’ ती म्हणाली, ‘आता तो हक्कच गळ्यात आलाय.’

मिळकत कुणाच्या नावावर करायची हे घरबसल्या ठरवता येतं. ती चालवणार कोण, याचं उत्तर मात्र आमच्याकडे नव्हतं. त्यासाठी आम्ही वकीलबाईंकडे गेलो.

वकीलबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या. हे सातबारा आणि पासबुकांची पिशवी घेऊन गेले होते, तिला त्यांनी हातही लावला नाही. कागदावर आधी माणसं लिहायला लावली. कोण कोण आहे, वय काय, कोण कुठे राहतं, कुणाची तब्येत कशी. मग म्हणाल्या, ‘काका, तुम्ही काहीच लिहिलं नाही तर काय होईल ते आधी ऐका.’ १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ह्यांच्या पश्चात बायको, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा. सासूबाई असत्या तर त्यांचाही. म्हणजे फ्लॅटचा एक तृतीयांश बाळचा. आणि बाळला कधीच मृत्युपत्र करता येणार नाही, विकायला सही करता येणार नाही, बँकेत जाऊन ठेव मोडता येणार नाही. ‘तुमच्या बाळला मिळकत नकोय. त्याला मिळकतीतून येणारं जेवण, औषध आणि राहायची जागा हवीय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.’

परत येताना हे गाडीवर गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, ‘बाई हुशार आहे. फी किती घेईल?’

लेकीला सांगायचं की नाही यावरून आमच्यात दोन दिवस बोलाचाली झाली. ह्यांचं म्हणणं, कागद होऊ दे, मग सांगू. माझं म्हणणं, मागाहून कळलं तर जन्मभर मनात राहील. शेवटी ती सुट्टीला आली तेव्हा मीच विषय काढला. ती फटकन म्हणाली, ‘आई, एवढा व्याप कशाला? सगळं माझ्या नावावर करा. बाळ माझ्याकडे राहील. तुम्हाला माझा भरवसा नाही का?’ ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. जावई उठून बाळला घेऊन खाली फेरी मारायला गेले, तो माणूस शहाणा आहे.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरवसा होता, आहे. वकीलबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी फार गोड न करता सांगितलं. मिळकत लेकीच्या नावावर केली की ती लेकीची झाली. तिच्यावर कर्ज झालं तर त्यात जाऊ शकते, तिचा संसार मोडला तर वादात येऊ शकते, आणि देव न करो पण तीच आधी गेली तर तिचे वारस तिचा नवरा आणि मुलं. मामाला सांभाळायचं बंधन भाच्यांवर कायद्याने येत नाही, माणुसकीने आलं तर आलं. ‘भरवसा आहे म्हणूनच बाळची माणूस म्हणून तिला ठेवा. पैशाची माणसं दुसरी ठेवा. सांभाळणारा आणि पैसे सोडणारा एकच असला की चांगल्या माणसावरही संशय येतो.’

लेकीला हे सांगितलं. संसार मोडण्याचा भाग वगळून. ती रडली थोडी, मग तिने एकच गोष्ट मागितली. फ्लॅट आणि बहुतेक ठेवी तिला का दिल्या नाहीत हे कागदात लिहा, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिचं आईबापांशी पटत नव्हतं. नवल म्हणजे वकीलबाईंनाही नेमकं तेच हवं होतं. जवळच्या वारसाला कमी दिलं आणि कारण लिहिलं नाही, की कोर्टात ती ‘संशयास्पद परिस्थिती’ धरली जाऊ शकते. १९५८ चा सर्वोच्च न्यायालयाचा व्यंकटाचल अय्यंगार निवाडा अशा खटल्या-खटल्यात वापरतात म्हणे. म्हणून आमच्या दोघांच्या कागदांत एक अख्खा परिच्छेद लेकीबद्दल आहे: तिचं शिक्षण, लग्न, तिला दिलेलं, तिची बाळवरची माया, आणि हा निर्णय तिला माहीत आहे, हेही.

मसुद्याच्या वेळी मात्र तिला वकीलबाईंनी खोलीत बसू दिलं नाही. ज्याला मिळणार तोच मृत्युपत्र करायला घेऊन आला होता, हे वाक्य विरुद्ध बाजूच्या वकिलाला आयतं मिळतं.

हे पहिल्यापासून एकच घोकत होते: ‘फ्लॅट हिला तहहयात, हिच्यानंतर बाळला.’ त्यांच्या मित्रांनी असंच केलं होतं म्हणे. वकीलबाईंनी विचारलं, ‘काका, तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे?’ नाही. ‘काकूंचे गुडघे?’ ते सगळ्या सोसायटीला माहीत आहेत. ‘मग उद्या काकूंना हा विकून तळमजल्यावर घर घ्यायचं झालं तर? तहहयात हक्काने राहता येतं, विकता येत नाही.’ शिवाय बायकोला दिलेला असा मर्यादित हक्क मर्यादितच राहतो की पूर्ण मालकीचा होतो, यावर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ खाली लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलेले आहेत. तेव्हा ठरलं ते असं: ह्यांच्या पश्चात मी हयात असेन तर फ्लॅट पूर्ण मालकीने माझा. मी नसेन तर थेट बाळसाठीच्या विश्वस्त निधीत (तो काय ते पुढे सांगते). माझ्या मृत्युपत्रात तसंच उलट बाजूने.

मला वाटत होतं, माझ्याकडे काय आहे, ह्यांनी केलं की झालं. तर त्याच कायद्यात एक कलम आहे, २१ वं. दोघं एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं ते कळायला मार्ग नसेल, तर वयाने लहान असलेला नंतर गेला असं कायदा धरतो. मी ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. म्हणजे एका क्षणापुरतं का होईना, ह्यांचं सगळं माझ्याकडे येणार आणि पुढे माझ्या कागदाप्रमाणे जाणार. माझा कागदच नसेल तर पुन्हा वाटे, पुन्हा बाळच्या नावावर. म्हणून नवरा-बायको दोघांचीही मृत्युपत्रं हवीत आणि ती वेगवेगळी हवीत. हे ऐकून आमचे हे म्हणाले, ‘म्हणजे मेल्यावरसुद्धा शेवटचा शब्द हिचाच.’

शेताने वेळ खाल्ला. सातबाऱ्यावर नाव ह्यांचं एकट्याचं, त्यामुळे आम्ही समजत होतो की शेत ह्यांचं. वकीलबाई म्हणाल्या, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, नाव कसं लागलं ते बघू, जुने फेरफार काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळाली. १९८६ चा वाटपाचा फेरफार, निळ्या शाईतलं तलाठ्याचं वळणदार अक्षर, खाली मामंजींचा अंगठा आणि ह्यांची त्या वेळची कोवळी सही. म्हणजे जमीन आजोबांपासून आलेली, वाटपात ह्यांच्या वाट्याला लागलेली. अशा जमिनीत मुलाचा हक्क जन्मतःच आणि मुलीचाही. महाराष्ट्राने मुलींना तो १९९४ मध्येच दिला होता, २००५ मध्ये केंद्राच्या कायद्यात आला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. सरळ अर्थ असा की हे सगळ्या शेताचं मृत्युपत्र करूच शकत नाहीत. फक्त आपल्या हिश्शाचं. तो त्यांनी लेकीला दिला. बाळचा हिस्सा बाळचाच राहणार, तिथे आमचा इलाज नाही. पुतण्या करतो ती शेती, भुईमूग आणि ज्वारीचे पैसे आणून देतो, आत्ता तरी तसंच चालेल.

विश्वस्त निधीचं सांगते, कारण मला त्याची उगीच भीती वाटत होती. विश्वस्त, ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्त, पावतीपुस्तक, वार्षिक सभा असं काहीतरी. पण हा खाजगी निधी, १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालचा. तो मृत्युपत्रातच लिहिता येतो आणि आमच्यातला मागे राहिलेलाही गेला की जागा होतो. त्याला स्वतःचं पॅन काढावं लागेल, स्वतःचं खातं. मालक कागदोपत्री विश्वस्त, पण त्यांनी खर्च करायचा तो फक्त बाळसाठी. कशावर, ते आम्ही लिहून दिलंय: राहणं, जेवण, उपचार, दातांचं काम, कार्यशाळेची फी, वर्षातून एक सहल, आणि दिवाळीला नवे कपडे. ‘दिवाळीला नवे कपडे’ हे वकीलबाईंच्या टायपिस्टने गाळलं होतं, मी पुन्हा घालायला लावलं. गरज पडली तर फ्लॅट विकून बाळला चांगल्या निवासी संस्थेत ठेवायचा अधिकारही दिला. हे लिहिताना ह्यांचं पेन थांबलं होतं. ‘घर विकायचं?’ मी म्हटलं, घर बाळसाठी आहे, बाळ घरासाठी नाही.

विश्वस्त दोघं. एक ह्यांचा पुतण्या, दुसरी माझी भाची, ती बँकेत आहे. एक सासरचा, एक माहेरची, दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतील, असा माझा आपला हिशोब. त्यांच्यापैकी कुणी नसलं किंवा नको म्हणालं तर पर्यायी नावंही आहेत. विचारायला गेलो तेव्हा भाची लगेच हो म्हणाली आणि लगेच तीन शंका काढल्या, बँकेतली माणसं अशीच. पुतण्याचं अडलं ते मानधनावर. वकीलबाईंनी विश्वस्तांना दरवर्षी ठरावीक रक्कम घालायला सांगितली होती. तो म्हणाला, ‘काकू, बाळदादाचं करायचे पैसे घेऊ? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?’ मलाही पटत नव्हतं. पण वकीलबाईंचं उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो: ‘फुकटचं काम दोन वर्षं मनापासून होतं, तिसऱ्या वर्षी सवडीने, आणि पाचव्या वर्षी त्याची बायको विचारते. त्याला घ्यायचे नसतील तर नको घेऊ दे, कागदात राहू देत.’

दरवर्षी हिशोब लेकीला दाखवायचा, ही अटही आहे. आणि बाळच्या पश्चात उरेल ते अर्धं नातवंडांना, अर्धं कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थेला. सगळंच संस्थेला किंवा सगळंच नातवंडांना ठेवू नका म्हणाल्या. ज्याला बाळ गेल्यावर सगळं मिळणार, त्याच्याच ताब्यात बाळ नको. ऐकायला कडू आहे, पण आम्ही दोघांनी न बोलता मान डोलावली.

पालकत्वाच्या बाबतीत आमचा समज साफ चुकीचा निघाला, आणि माझ्या ओळखीतल्या बाळसारख्या मुलांच्या बहुतेक आईबापांचाही तोच आहे. ‘आमच्यानंतर बाळची पालक त्याची ताई’ असं मृत्युपत्रात लिहिलं की झालं, असं वाटतं. अज्ञान मुलासाठी तसं लिहिता येतं. अठरा पूर्ण झालेल्यासाठी नाही. खरं तर अठरा झाल्यावर आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशोब. म्हणून आम्ही आधी स्वतःच रीतसर पालक होण्यासाठी अर्ज केला: बाळचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आमचे आधार, फोटो. मृत्युपत्रात ताईचं नाव आहे ते आमची इच्छा म्हणून. आमच्या मागे तिला अर्ज करावाच लागेल, पण समितीपुढे ठेवायला तिच्या हातात आईबापांचा नोंदलेला कागद असेल.

काही गोष्टी मृत्युपत्रात बसतच नाहीत. माझं निवृत्तिवेतन ही मिळकत नव्हे, ते मला कुणाला देता येत नाही. पण माझ्या आणि ह्यांच्या पश्चात, कमावता न येणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा दाखला घेऊन बाळचं नाव माझ्या हयातीतच नोंदवून ठेवणं बरं. आमच्या सगळ्या ठेवींपेक्षा हा महिन्याचा झरा मोठा आहे, आणि कित्येक निवृत्त शिक्षकांना तो माहीत नाही. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वारसनोंद म्हणून बँकेत जे नाव देतो, त्याचंही तसंच. सगळे म्हणतात नॉमिनी आहे ना, मग कशाला मृत्युपत्र? नॉमिनी पैसे घेणारा हात, मालक नव्हे. १९८३ च्या सरबती देवी खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय विम्याच्या बाबतीत हे सांगत आलंय (विम्याचा नियम २०१५ मध्ये जवळच्या नातलगांपुरता बदलला), आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’च्या जयंत साळगावकरांच्या वारसांमधल्या खटल्यात शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं. सोसायटीतही नॉमिनी तात्पुरता सदस्य होतो, वारस ठरेपर्यंत. आम्ही बाळचं नाव सगळीकडून काढलं आणि जिथे तिथे लेक आणि भाची घातली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नावांपर्यंत देता येतात, ते बरं झालं. काऊंटरवरची मुलगी म्हणाली, ‘आजी, मुलाचं नाव काढताय?’ आणि माझ्याकडे अशी बघितली की मी समजावून सांगायचा बेतच सोडला.

दागिन्यांचं मात्र मी एकटीने केलं. सोनाराकडून प्रत्येकाचं वजन करून चिठ्ठी घेतली. ‘माझे सर्व दागिने मुलीला’ असं लिहिणार होते, पण मग पुतण्याची बायको आठवली. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये पंधरा दिवस बाळला तिने आंघोळ घातली होती. तिला पाटल्या. जोडव्यांसकट बाकीचं लेकीला आणि नातीला. कुणाला काय, हे नग आणि वजनासह लिहिलंय. ‘मोठी पाटली’ कुठली यावरून आमच्या आत्याबाईंच्या घरात दोन बहिणी आजही बोलत नाहीत.

मसुदा मराठीतच केला. ह्यांना वाटत होतं बाँडपेपर लागेल. लागत नाही, मृत्युपत्राला मुद्रांकशुल्क नाही, साध्या कोऱ्या कागदावरही चालतं. आमचं हिरव्या लेजर पेपरवर झालं. सुरुवात ठरलेली: ‘मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता व कोणतेही नशापाणी न करता लिहून ठेवत आहे.’ हे मोठ्याने वाचताना आमचे हे ‘नशापाणी’वर थांबले आणि म्हणाले, ‘तंबाखू धरायची का?’ शेवटी ‘वर नमूद न केलेली व भविष्यात मिळणारी उर्वरित सर्व मिळकत’ असं एक कलम आहे. ते नसेल तर पुढे घेतलेली एखादी ठेव उघड्यावर पडते आणि तिचे पुन्हा वाटे होतात.

साक्षीदार दोन लागतात, शक्यतो ज्यांना काही मिळणार नाही असे आणि आपल्यापेक्षा तरुण. पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली, आणि ऐंशी वर्षांचे मित्र त्या वेळी कुठे शोधायचे? आमचे डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचा शिक्षक असे दोघं. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून, दोघांची मनःस्थिती उत्तम आहे, असा दाखला दिला. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नसते. खालच्या मास्तरांना ते जड गेलं. सही करताना त्यांचा डोळा वरच्या परिच्छेदावर होता, वकीलबाईंनी कोरा कागद आडवा धरला.

नोंदणी सक्तीची नाही, आम्ही केली. माहिती आधी ऑनलाइन भरलेली होती. शंभर रुपये नोंदणी फी, वर पानामागे हाताळणीचे पैसे. दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बसलो, फ्लॅटच्या व्यवहाराला आलेली नवी जोडपी, आणि मध्ये आम्ही. माझं पटकन झालं. ह्यांचा अंगठा यंत्र घेईना. चाळीस वर्षं ग्रीस, स्पॅनर आणि केरोसीनमध्ये गेलेली बोटं, रेषा उरल्यात कुठे? कर्मचाऱ्याने अंगठा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरडा केला, मग दाबून धरला. शेवटी घेतला एकदाचा. त्याने विचारलं, ‘काका, वाचलंय ना? तुमच्याच मर्जीने ना?’ ह्यांनी सांगितलं, ‘मर्जी हिची, सही माझी.’ वकीलबाईंचा चेहरा पडला. ‘काका, इथे विनोद नको.’ मग त्यांनी नीट, शाळेत हजेरी द्यावी तसं, ‘होय, माझ्या मर्जीने’ म्हटलं.

नोंदलेलं मृत्युपत्र तिथल्या तीन नंबरच्या पुस्तकात जातं. आम्ही हयात असेपर्यंत त्याची नक्कल आमच्याशिवाय किंवा आम्ही नेमलेल्या माणसाशिवाय कुणाला मिळत नाही. नोंदणी झाली म्हणून ते दगडावरची रेघ होत नाही, हवं तेव्हा बदलता येतं, आणि शेवटचं मृत्युपत्र नोंदलेलं नसलं तरी तेच खरं धरतात. साताऱ्यात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब घेण्याची, सक्ती नव्हतीच. मूळ कागद लॉकरमध्ये ठेवणार होतो, पण लॉकर उघडायलाच पुढे वारसाचे कागद मागतील. म्हणून घरच्या कपाटात, आणि कुठल्या खणात ते लेक, पुतण्या आणि भाची तिघांना माहीत.

याशिवाय एक वही आहे, दोनशे पानी, ती मी लिहिते. कायद्याला तिचं काही देणंघेणं नाही, विश्वस्तांना आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबरच, दुधाबरोबर दिली की थुंकतो. थंडीतही पंखा लागतो, वारा नको असतो, आवाज हवा असतो. न्हाव्याच्या दुकानात न्यायचं नाही, न्हावी रविवारी घरी बोलवायचा आणि आधी ताईच्या मुलाचे केस कापायचे. भाकरी कुस्करून दुधात, साखर वर, ढवळायची नाही. दात दुखत असेल तर सांगत नाही, टीव्ही बंद करतो. कार्यशाळेत तो कागदी पिशव्यांना दोरी ओवतो. तिथे कुणी ‘पटपट कर’ म्हटलं की दिवसभर ओवत नाही. हे सगळं मृत्युपत्रात घालू का, असं मी विचारलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र पुढे कुणाच्याही वाचनात येऊ शकतं, हे घरातच राहू द्या, आणि दर सहा महिन्यांनी तारीख घालून बदलत जा.

ताईनंतर कोण, हे अजून लिहिलेलं नाही. नातू आठवीत आहे. मामाचं करशील का, असं आत्ता विचारलं तर तो हो म्हणेल, आणि आठवीतल्या मुलाचं हो कागदावर घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. तो सज्ञान झाला की विचारू, तेव्हा नाही म्हणाला तरी राग मानायचा नाही, आणि जे ठरेल ते पुरवणी मृत्युपत्रात घालू. तिलाही दोन साक्षीदार लागतात. मास्तरांना आत्ताच सांगून ठेवलंय.